ठराव क्रमांक सातची अनुमोदक

खडकमाळ, ता. राहुरी
६ फेब्रुवारी २०२५

सरपंच, ग्रामपंचायत खडकमाळ यांस,

रविवार, २६ जानेवारी २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. आपल्या इतिवृत्ताप्रमाणे या मिनिटाला शाळेच्या पटांगणात भरलेल्या ग्रामसभेत मी उठून उभी राहिले आणि ठराव क्रमांक सातला अनुमोदन दिलं. सूचक, रामहरी कोळसे. अनुमोदक, श्रीमती सुकन्या भानुदास गाडेकर. मंजुरी, सर्वानुमते.

त्या मिनिटाला मी देवळाली प्रवराला औषधाच्या दुकानात डोळ्यांचे थेंब घेत होते. बिलावर ११.१८ ही वेळ छापली आहे. झेरॉक्स सोबत जोडते. दोन्ही गुडघे बदललेली अडुसष्ट वर्षांची बाई दोन मिनिटांत नऊ किलोमीटर येऊन अनुमोदन देऊ शकत असेल, तर तिला ग्रामसभेत बसवून ठेवू नका, ऑलिंपिकला पाठवा.

मला हे कळलं ते पिठाच्या गिरणीत. शेजारची पूजा दळणाचा डबा खाली ठेवत म्हणाली, "काकू, तुम्हीसुद्धा?" मी विचारलं, काय मीसुद्धा? तिने फक्रुद्दीन आतारच्या गाळ्याच्या शटरवर चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो मोबाईलवर दाखवला. चवथ्या ओळीत माझं नाव.

ठराव मी तीनदा वाचला. पंचायतीचे गाळे यापुढे फक्त मूळ गावकऱ्यांना. मूळ गावकरी म्हणजे ग्रामदैवताच्या यात्रेत ज्या घराला मान आहे ते घर. काठीचा मान, पालखीचा मान, दिवटीचा मान. कुठेही धर्माचा उल्लेख नाही. मी घरी येऊन यादी केली. गावात तीनशे बारा घरं. मान नसलेली अकरा. त्यात पाच मुसलमानांची, दोन ख्रिस्ती, चार कालव्याकडेच्या भिल्ल वस्तीवरची. आणि या अकरांपैकी गाळा कोणाकडे आहे? एकट्या फक्रुद्दीनकडे. तेरा वर्षं तो गावाच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग भरून देतोय. त्याने ३१ मार्चपर्यंत गाळा रिकामा करायचा आहे.

ग्रामसेविका ज्योतीबाईंना मी विचारलं, ठराव झाला तेव्हा मी नव्हते, मग माझी सही त्याखाली कशी? त्या म्हणाल्या, "बाई, सगळीकडं असंच असतं. आधी सह्या, मग ठराव. जिलेबी वाटून झाली की माणसं थांबत नाहीत." म्हणजे सकाळी झेंडावंदनाला आले तेव्हा हजेरीसाठी केलेली माझी सही खाली, आणि वरची कोरी पानं सरपंचांच्या मर्जीने भरायची. गेल्या वर्षी आपण अख्खी पंचायत हिवरे बाजारला घेऊन गेलात, ग्रामसभा कशी चालते ते पाहायला. तिथून ग्रुप फोटो तेवढा आणलेला दिसतो.

माझं नाव ताबडतोब काढावं आणि ते कोणी घातलं हे मला लेखी कळवावं.

सुकन्या गाडेकर
(निवृत्त पर्यवेक्षक, टेलिफोन एक्स्चेंज, राहुरी)

ता. क. आप्पा, हे पत्र सरपंचांना आहे. पुतण्याने ते वाचून मला चहाला बोलावू नये.


खडकमाळ
१० फेब्रुवारी २०२५

ती. सुकन्याकाकूंना आप्पासाहेबाचा साष्टांग नमस्कार.

बोलतो तसंच लिहितोय, चुका काढू नका. हाकेवर घर, मधी एक बांध, आन तुमी रजिस्टर पोस्टानं कागद धाडता. गाव हसतंय. हसू द्या.

तुमचं नाव मीच घातलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू. पोरं रामहरीला पुढं करून आली. म्हनली, ठराव आजच पायजे. मी म्हनलं, अनुमोदक कोन? सात-आठ हात वर. सगळे विशीतले, सगळ्यांचे मोबाईल चालू. त्यातलं एखादं नाव घातलं असतं तर दुसऱ्या दिवशी अमक्या संघटनेचा ठराव म्हनून गाजला असता. तुमचं नाव असलं की लोक म्हनतील, शिकलेली बाई हाय, नगरच्या कॉन्व्हेंटातली, विचार करूनच बोलली असंल. मान म्हनून घातलं, काकू. तुमी उलटंच घेतलं.

आन सह्यांचं म्हनाल तर खोटी एकबी न्हाई. नवव्या नंबरला तुमची, तुमच्याच हातची. चौदाव्या नंबरला कोनाची हाय बघितली का? फक्रुद्दीनची. तो मधल्या रांगेत बसला हुता. ठराव मोठ्यानं वाचला. मी तीनदा विचारलं, कोनाची हरकत? त्यानं खाली बघितलं. ज्याचं दुकान जातंय त्याचीच हरकत न्हाई, तर मी काय करू?

ही पद्धत गावात आनली कोनी, ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. घरातली गोष्ट हाय.

एक सांगतो. मी पैल्यांदा निवडून आलो तवा लोक पाइपलाईनचं विचारायचे, विजेच्या डीपीचं विचारायचे. आता फकस्त, तू कोनाकडनं? तेवढं सांगितलं की झालं. जिल्हा परिषद तोंडावर हाय. मी न्हाई म्हनलो तर माझ्या जागी जो येईल, तो ठराव लिवायचीसुद्धा तसदी घेनार न्हाई.

रागावू नका. बीपीची गोळी घेता ना?

आपला,
आप्पा


खडकमाळ
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मुमताज,

तुझ्या दाराला कुलूप दिसलं. शेजारी म्हणाले, लेकीकडे, आलियाकडे श्रीरामपूरला गेली. पत्ता तुझ्या नवऱ्याकडून, फक्रुद्दीनकडून घेतला.

तो गाळ्यात एकटा होता. समोर आप्पाची साडेसात एचपीची मोटार उघडून ठेवलेली, अर्धी तार भरलेली. सरपंचाने नोटीस चिकटवली, पण मोटार न्यायला अजून माणूस पाठवलेला नाही. बाकी गिऱ्हाईक नाही. लोक राहुरीला जातात म्हणे. फक्रुद्दीनने खुर्ची पुसली आणि मला म्हणाला, "बसा, मॅडम." इतकी वर्षं मी त्याची ताई होते.

मी विचारलं, अरे, तू समोर होतास, बोलला का नाहीस? तो वायंडिंगची तार गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "कोणाकडं बघून बोलू?"

मुमताज, तू एक क्षण तरी खरं मानलंस का? माझं नाव मला न विचारता घातलं. मी त्या वेळी गावातच नव्हते. माझ्याकडे बिल आहे, वेळेसकट. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर एक मेमो नाही, आणि आज गिरणीत पोरीसोरी मला विचारतात, तुम्हीसुद्धा? मी सरपंचाला लिहिलं आहे. माहितीच्या अधिकारात जुनी इतिवृत्तंही मागितली आहेत. आप्पा म्हणतो, ही कोऱ्या पानावर सह्या घेण्याची पद्धत आमच्याच घरातून आली. ह्यांच्याविषयी म्हणत असणार. हे नव्वदच्या सुमाराला सरपंच होते. मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं. पण ते खरंच असेल तर मी नवऱ्याचीही गय करणार नाही.

तू परत कधी येतेस ते कळव.

तुझी,
सुकन्याताई


श्रीरामपूर
२० फेब्रुवारी २०२५

सुकन्याताईंना मुमताजचा सलाम.

पत्र पोचलं. आलियाने वाचून दाखवते म्हटलं, पण मीच वाचलं, वेळ लागला. तुमच्या पत्रात तुमच्या नावाचं जास्त होतं, आमच्या गाळ्याचं कमी. राग मानू नका. मी तरी दुसरं काय लिहिलं असतं?

तुम्ही विचारलंत, खरं मानलं का. नाही मानलं. नोटिशीवर तुमचं नाव वाचलं तेव्हा वाटलं, ताईंनी हे केलं नसेल, ताईंनी हे पाहिलंच नसेल. जाणूनबुजून केलेलं की न बघता सही केलेलं, यातलं कमी वाईट कोणतं ते मला समजलं नाही. म्हणून तुमच्याकडे न येता इकडे आले.

ताई, पद्धतीचं म्हणाल तर भानुदासदादांना बोल लावू नका. तुम्ही विसरलात. चौदा वर्षं झाली, नागपंचमीच्या आधीचा आठवडा होता. तुम्ही महिला मंडळाच्या बायका घेऊन आमच्या ओट्यावर आलात. हातात लांब कागद होता, वरचा भाग कोरा. तेव्हा त्या गाळ्यात रामहरीचं ऑनलाइन लॉटरीचं दुकान होतं. शाळेची पोरं आत असायची, बायका रडायच्या. मी विचारलं, ताई, वर काय लिहिणार? तुम्ही हसून म्हणालात, "ते मग लिहू गं, आधी सह्या तर होऊ देत." मी सही केली. साळूबाईंनी अंगठा दिला. रामहरीची आई. तिला वाटलं, नळाचा अर्ज आहे.

सभा झाली त्या दिवशी रामहरी गावात नव्हता. त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. सर्वानुमते गाळा काढून घेतला. तीन महिन्यांनी तो आम्हाला मिळाला. अर्ज तुम्हीच लिहून दिलात. आम्ही विचारलं नाही की आधीचा माणूस कुठे गेला. तो चाकणला गेला होता, पत्र्याच्या खोलीत, कंपनीत माल उचलायला.

लॉटरी गेली याचं मला आजही बरं वाटतं. खोटं नाही सांगत.

हारिसचे अब्बा २६ जानेवारीला सभेतून घरी आले. जेवले, हात धुतले. मग म्हणाले, सगळे ओळखीचे होते, मुमताज. प्रत्येकाच्या मोटारीचा नंबर मला पाठ आहे. एक जरी अनोळखी असता तरी भांडलो असतो.

हारिस म्हणतो, घर विकू, इकडेच येऊ. अजून मी हो म्हटलेलं नाही. पण गाळा गेल्यावर त्या घरात बसून करायचं काय? ३१ मार्चच्या आत ठरवायचं आहे.

डोळ्यांना थेंब वेळेवर घाला.

मुमताज


खडकमाळ
२६ फेब्रुवारी २०२५

ती. काकू,

तुमी मागितलेली जुनी इतिवृत्तं ज्योतीमॅडमनी काढली. दोन हजार अकराचं पान तुमाला मिळालंच असंल. आता कळलं ना, मी गप का हुतो.

पन त्याची झेरॉक्स रामहरीकडं बी हाय. आजची न्हाई, चाकणहून परत आला तवाच त्यानं काढून ठेवलीय. पारावर म्हनला, म्हातारी तालुक्याला गेली की हा कागद चौकात वाचतो. एकशे बारा सह्या, वर तुमचं अक्षर, ठरावाची शाई येगळी, सह्यांची येगळी. माझ्या आईचा अंगठा फसवून घेतला, म्हनतो.

काकू, मी मार्ग काढलाय. पुढच्या मासिक सभेत दुरुस्ती लिवतो: अनुमोदकाचं नाव नजरचुकीनं पडलं. तुमचं नाव काढतो, दुसरं घालतो. तुमी पैल्या कागदात हेच मागितलं हुतं. तुमचं नाव साफ, त्याचा कागद त्याच्या खिशात, मी रामहरीला समजावतो. फक्रुद्दीनला राहुरीत जागा बघून देऊ, मी सोता बोलतो.

फकस्त तुमी आता पुढं लिवू नका.

आप्पा


खडकमाळ, ता. राहुरी
३ मार्च २०२५

सरपंच, ग्रामपंचायत खडकमाळ यांस,
प्रत: गटविकास अधिकारी, पंचायत समिती, राहुरी
प्रत: श्री. रामहरी कोळसे
प्रत: श्री. फक्रुद्दीन व श्रीमती मुमताज आतार

आपलं २६ तारखेचं पत्र मिळालं. माझं नाव काढून दुसरं घालण्याची आपली सूचना मला मान्य नाही. सहा फेब्रुवारीला मी तेवढंच मागितलं होतं, याची मला लाज वाटते. ठराव जसाच्या तसा ठेवून माझं नाव पुसलं की मी निर्दोष आणि फक्रुद्दीन रस्त्यावर. हा सौदा करायला मी इतके कागद लिहिलेले नाहीत.

जे चौकात वाचलं जाणार आहे ते मी आधीच इथे लिहून देते. ऑगस्ट २०११ मध्ये मी, सुकन्या भानुदास गाडेकर, घरोघर फिरून कोऱ्या कागदावर एकशे बारा सह्या आणि अंगठे घेतले. वरचा मजकूर नंतर माझ्या हाताने लिहिला. साळूबाई कोळसे यांना कागद कशाचा आहे ते मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, एवढ्यावर मी समाधान मानलं. रामहरीला सभेची सूचना दिली नाही, कारण तो आला असता तर भांडला असता आणि सर्वानुमते लिहिता आलं नसतं. हे सगळं चांगल्या कामासाठी होतं अशी माझी खात्री होती. एक्स्चेंजमध्ये ड्युटी संपताना रजिस्टरमधली प्रत्येक रिकामी ओळ मी लाल रेघ मारून बंद करायची, कोणी मागून काही लिहू नये म्हणून. सुटीच्या दिवशी गावात येऊन मीच रिकामी जागा सोडत होते.

शुक्रवारी मी रामहरीच्या घरी गेले. तो म्हणाला, "आता आठवन झाली व्हय?" मी त्याची आणि त्याच्या आईची माफी मागितली. साळूबाई म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. आमी डोळं झाकून अंगठा दिला." रामहरी म्हणाला, "दुकान वाईट हुतं, मानतो. पर भांडायला तरी बोलवायचं हुतं मला." मी विचारलं, मग फक्रुद्दीनला भांडू का दिलं नाहीस? तो म्हणाला, "तो हजर हुता की." मी म्हटलं, तू गावात नव्हतास म्हणून बोलू शकला नाहीस; तो तुझ्यापासून तीन हातांवर बसूनही बोलू शकला नाही. दोघांपैकी जास्त वाईट कोणाचं झालं, तूच सांग. तो उठून दाराची चौकट धरून उभा राहिला. म्हणाला, "परत सभा झाली तरी मी हात त्याच्या विरोधातच वर करीन." मी म्हटलं, कर. पण वर कर. सगळ्यांना दिसू दे.

माझं कृत्य आणि आपला ठराव सारखेच आहेत असं समजून कोणी हात झटकू नयेत. रामहरीचा गाळा मी त्याच्या धंद्यामुळे काढून घेतला. तो धंदा तो बदलू शकत होता, आणि त्याला तसं सांगायला मी गेले नाही, हा माझा गुन्हा. फक्रुद्दीनला आपण काय बदलायला सांगणार आहात? त्याच्या कामात खोट नाही, वागण्यात नाही. यात्रेत मान त्याच्या घराला नाही, आणि उद्या मागितला तरी आपण देणार नाही. माणसाने काय केलं हे विचारायचं सोडून तो कोणाचा हे विचारायला लागलं की ग्रामसभा कशाला हवी? मानाची यादी पुरे आहे. तीच भिंतीला लावा आणि निवडणुका बंद करा. खर्च वाचेल.

आपण लिहिलंत की आपण नकार दिला तर दुसरा कोणी येईल आणि ठराव लिहायची तसदीही घेणार नाही. असेल. पण तो येईपर्यंत सरपंच आपण आहात, आणि वही आपल्या ताब्यात आहे.

म्हणून माझी मागणी अशी. ठराव क्रमांक सात रद्द करण्याच्या एकाच विषयावर विशेष ग्रामसभा बोलवावी, ३१ मार्चच्या आत, आणि तोपर्यंत गाळ्याच्या नोटिशीला स्थगिती द्यावी. सभेची सूचना अकराही घरांना आणि कोळशांच्या घराला हातात द्यावी, सही घेऊन. माझा वरचा कबुलीजबाब सभेपुढे पूर्ण वाचावा. मी उभी असेन, ज्याला जे बोलायचं ते त्याने मला तोंडावर बोलावं. फक्रुद्दीनला पहिलं बोलू द्यावं, आणि तो बोलत असताना मोबाईल बंद असावेत. मग हात मोजावेत. बाजूने कोण, विरोधात कोण, नावं लिहावीत. सर्वानुमते हा शब्द त्या दिवशी वहीत येऊ नये. ठराव आधी लिहावा, वाचावा, खाली रेघ मारावी, आणि त्यानंतरच सह्या घ्याव्यात. सभा तीन तास चालली तरी चालेल. जिलेबी शेवटी वाटा.

तिथे आम्ही हरलो, तर हरल्याची नोंद माझ्या नावासह व्हावी: विरोधात, सुकन्या गाडेकर. तेवढा अधिकार मला आहे, आणि मला तो हवा आहे.

आपल्याला फोन करायचा मोह होईल. करू नये. बांधावरून हाक मारू नये, पूजाकडून निरोप पाठवू नये, माझ्या रक्तदाबाची चौकशी करू नये. या पत्राचं उत्तर ग्रामपंचायतीच्या कागदावर, सही-शिक्क्यासह आणि जावक क्रमांक घालून, सोमवार दिनांक १० मार्च २०२५ रोजी सायंकाळी साडेपाच वाजण्याच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

सुकन्या भानुदास गाडेकर